व्यायामानंतर लगेच खावे का?

प्रश्न : मला मधुमेहपूर्व स्थिती आहे, औषध चालू नाही. रोज ४५ मिनिटे भरभर चालतो, आठवड्यातून दोनदा चढावर जोरात धावतो. धावून आल्यावर साखर १०५ची १४० झालेली दिसते. अशा वेळी खाणे लांबवावे का? व्यायामानंतर अर्ध्या तासात खाल्लेच पाहिजे, असेही ऐकतो.

उत्तर : १४० पाहून घाबरू नका. जोराच्या व्यायामात ॲड्रेनलिन वाढते आणि स्नायू साखर ओढून घेतात त्यापेक्षा अधिक वेगाने यकृत ती रक्तात सोडते. आकडा साधारण तासा-दोन तासांत उतरतो. (तपासण्याआधी हात धुता ना? बोटाला फळाचा रस लागलेला असला तरी आकडा फुगतो.)

अर्ध्या तासाचा नियम मुख्यतः दिवसातून दोनदा कसून सराव करणाऱ्या खेळाडूंसाठी आहे. व्यायामात स्नायूंमधला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवून ठेवलेल्या साखरेचा, साठा घटतो. तो भरून काढायला स्नायू इन्सुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देऊ लागतात आणि हा परिणाम २४ ते ४८ तासही टिकू शकतो. तुमच्यासाठी व्यायामाची मोठी कमाई हीच. घरी येताच फळांचा रस किंवा स्पोर्ट्स ड्रिंक घेतले, तर साठा झटपट भरतो आणि कमाई लवकर ओसरते. म्हणून आधी पाणी प्या. भूक लागली की नेहमीचेच जेवण घ्या, त्यात २० ते ३० ग्रॅम प्रथिने आणि भरपूर भाज्या असू द्या. पिष्टमय पदार्थ सोडायचे नाहीत, फक्त व्यायाम केला म्हणून वाढवायचे नाहीत. मुद्दाम उपाशीही राहू नका, पुढच्या जेवणाला हात आवरत नाही.

आणखी एक करून पाहा. रोजच्या ४५ मिनिटांतली १५ मिनिटे मोठ्या जेवणानंतर चाला. एक दिवस चालून, एक दिवस न चालता, जेवण तेच ठेवून पहिल्या घासापासून एक तासाने साखर तपासा. फरक स्वतःच्याच आकड्यांत दिसेल.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी मात्र हा सल्ला जसाच्या तसा उचलू नये. त्यांची साखर व्यायामानंतर कित्येक तासांनी, अगदी झोपेतही उतरू शकते. ७०च्या खाली गेल्यास लगेच १५ ग्रॅम ग्लुकोज घ्यावे, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे, तरीही कमीच असल्यास पुन्हा तेवढेच घ्यावे. संध्याकाळी जोराचा व्यायाम झाला असेल, तर झोपण्यापूर्वी तपासणी चुकवू नये आणि त्या दिवशीचा डोस किती घ्यायचा हे डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्यावे.