आधारकार्डावरचा फोटो भिंतीवर लागतो तेव्हा

ताई, सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षी तुम्ही मुलाच्या प्रवेशाबद्दल विचारलं होतं. या वेळचं पत्र स्वतःबद्दल आहे आणि त्याची सुरुवातच 'या वयात हे विचारावं की नाही' अशी आहे. विचारलंत ते फार बरं केलंत.

इतर वाचकांसाठी पत्रातलं थोडक्यात सांगतो. तुम्ही अंबाजोगाईच्या, वय 46. वडिलांचा फोटो स्टुडिओ होता. शाळेत असल्यापासून डार्करूमच्या लाल दिव्याखाली ट्रे हलवणं, पेन्सिलीनं निगेटिव्ह रिटच करणं हे हातात बसलेलं. लग्नानंतर कॅमेरा सुटला नाही, पण फोटो घरच्यांपुरतेच राहिले. आता मुलगा पुण्याला गेला, दुपार रिकामी असते, आणि यातून छोटासा व्यवसाय करावा असं मनात आहे. दीर म्हणतात, आठ लाखांचं कर्ज काढा, मेन रोडला गाळा घ्या, ड्रोन घ्या, लग्नाच्या ऑर्डरी धरा. यजमान म्हणतात, घरात कमी काय आहे? वडिलांच्या निगेटिव्हच्या दोन लोखंडी पेट्या माळ्यावर आहेत आणि त्यांतल्या एकीला 'आंबूस वास' येतो.

दिरांचा सल्ला मायेचा आहे, पण घेऊ नका. लग्नाचं काम म्हणजे चार-पाच जणांची टीम, हळदीपासून वरातीपर्यंत दोन दिवस उभं राहणं, आणि शेवटी भावात घासाघीस. तुळशीचं लग्न लागलं की धावपळ, आषाढ लागला की सामसूम. अधिक मास आला की तो महिनाही गेला. आणि आपल्या भागात लग्नाचा खर्च पावसावर ठरतो. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणलं, ते दिवस आपण पाहिले आहेत. तसं वर्ष आलं की लग्न घरापुढच्या मांडवात उरकतं आणि अल्बमचे पैसे आधी कापले जातात. बँकेचा हप्ता मात्र कापला जात नाही. ड्रोनचं म्हणाल, तर 250 ग्रॅमहून जड ड्रोन धंद्यासाठी उडवायला 2021 च्या नियमांप्रमाणे रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागतं. हे दिरांनाही सांगा.

मग करायचं काय? गेली काही वर्षं कुणाकडे दिवसाला, तेराव्याला गेलो की एक गोष्ट मला फार लागते. हार घातलेला फोटो पाहिला की ओळखू येतं, हा आधारकार्डावरून मोठा केलाय. डोळे ताठ, चेहरा धुरकट, मागे कॉम्प्युटरवर चिकटवलेलं निळं आभाळ. ऐंशी वर्षं जगलेल्या बाईचा एक नीट फोटो घरात नसतो. नातवाच्या मोबाइलमध्ये तिचे दोनशे फोटो असतील, पण एकात अर्धा चेहरा, दुसऱ्यात डोळे मिटलेले, तिसऱ्यात मागे फ्रिज. जिवंत माणसाचा चांगला फोटो वेळेवर काढून ठेवणं, हे काम आपल्याकडे कुणी काम म्हणून करत नाही. तुम्ही ते करा.

त्यासाठी गाळा लागत नाही. त्यांच्याच घरी जायचं, सकाळी नऊच्या आत किंवा ऊन उतरल्यावर. ओसरी असेल तर उत्तम, नसेल तर दारातला उजेड. आजीला तिच्या रोजच्या जागी बसवायचं, जात्यापाशी, तुळशीपाशी, लिंबाखाली. आधी अर्धा तास कॅमेरा पिशवीतच ठेवायचा, चहा घ्यायचा, माहेर कुठलं ते विचारायचं. तुम्ही अंबाजोगाईच्या म्हटल्यावर ओळख निघणारच. मग फोटो. एक आजीचा एकटीचा, एक आजोबांसोबत, एक फक्त हातांचा. 50 एमएमची साधी एफ 1.8 ची लेन्स याला पुरेशी आहे. चष्म्यावरची चमक, पदराची सावली, सुरकुती किती ठेवायची आणि किती नाही, ही समज यूट्यूबवरून येत नाही. ती तुम्हाला वडिलांच्या टेबलाशी बसून आलेली आहे. सुरकुत्या पुसू नका एवढंच माझं मागणं. घरच्यांना ओळखीचाच चेहरा हवा असतो.

तुम्ही बाई आहात, ही या कामात मोठी जमेची बाजू आहे. आपला मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता तेव्हाची गोष्ट. निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी 1892 मध्ये हैदराबादेत खास स्त्रियांसाठी जनाना स्टुडिओ काढला, आणि तो एका इंग्रज बाईंच्या हाती दिला. पडद्यातल्या बायका पुरुषापुढे बसणार नाहीत, हे त्यांनी ओळखलं होतं. आज पडदा तसा राहिला नाही. तरी डोहाळजेवणात, बारशाच्या आधी बाळंतिणीच्या खोलीत, परक्या पोरानं कॅमेरा घेऊन वावरलेलं किती घरांत चालतं? तुम्हाला सासूबाई स्वतः आत बोलावतील. वर्षभर चालणारं हे दुसरं काम, त्याला लग्नतिथी लागत नाही.

तिसरं तुमच्या गावातच आहे आणि पत्रात तुम्ही त्याचा उल्लेखही केला नाही. योगेश्वरी ही कितीतरी कोकणस्थ घरांची कुलदेवता. पुण्या-मुंबईहून नवं जोडपं, आई-वडील, आत्या, असं अख्खं कुटुंब दर्शनाला येतं आणि जाताना कुणाच्या तरी हातात मोबाइल देऊन एक वाकडा फोटो काढून घेतं. तीन पिढ्या पुन्हा एकत्र कधी येतील कुणास ठाऊक. मंदिर आणि भक्तनिवासाच्या व्यवस्थापनाला रीतसर भेटा, कुठे फोटो चालतात आणि कुठे नाही ते विचारून घ्या, गाभाऱ्याचा विषयच काढू नका. हत्तीखाना लेण्यातल्या दगडी हत्तींपाशी, मुकुंदराजांच्या समाधीकडच्या डोंगरावर सकाळचा उजेड फार सुंदर असतो. मात्र जिथे स्टँड लावायचा, तिथे आधी परवानगी घ्या. मार्गशीर्षात देवीचा उत्सव असतो, तेव्हापर्यंत नमुन्याचे दहा फोटो तयार हवेत.

आता पेट्यांविषयी, कारण तुमचा जीव तिथे अडकलेला दिसतो. आंबूस वास म्हणजे फिल्मचा अ‍ॅसिटेटचा पाया कुजू लागल्याची खूण. ही कूज शेजारच्या निगेटिव्हनाही लागते आणि मागे फिरत नाही. फक्त उष्णता आणि दमट हवा कमी करून तिला लांबवता येतं. पत्र्याखालच्या माळ्यावर आपला मे महिना म्हणजे त्या पेटीला भट्टीच. निगेटिव्ह प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून कागदी पाकिटात घाला आणि आधी वासाच्या पेटीतल्या स्कॅन करा. फिल्म स्कॅन करता येईल असा फ्लॅटबेड स्कॅनर ही तुमची एकमेव मोठी खरेदी. लोकांचे जुने फोटो दुरुस्त करून देण्याचं कामही त्याच्यावर होईल. मूळ फोटोला हात न लावता, स्कॅनवरच सगळी दुरुस्ती करायची.

पण ते फोटो जाहिरातीत किंवा प्रदर्शनात लावण्याआधी थांबा. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार, पैसे देऊन काढवून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्कदार, वेगळा करार नसेल तर, काढवून घेणारा असतो. पेट्या वडिलांच्या, पण त्यांतले चेहरे गिऱ्हाइकांचे. यातून एक चांगली वाटही निघते. घरं शोधा, त्यांना त्यांच्या आजोबांचा 1980 सालचा फोटो दाखवा. निम्मे लोक तिथल्या तिथे प्रिंट मागतील, आणि तुमचं नाव गावभर जायला दुसरं काही लागणार नाही. हाच नियम नव्या कामालाही लागू आहे. म्हणून ऑर्डर घेताना एका कागदावर लिहून घ्या की नमुना म्हणून फोटो दाखवायला गिऱ्हाइकाची हरकत नाही.

पैशाचं थोडक्यात. छोट्या धंद्यांसाठीच्या सरकारी मुद्रा योजनेतलं 50 हजारांपर्यंतचं 'शिशु' कर्ज स्कॅनरला आणि पहिल्या प्रिंट-फ्रेमना पुरावं. कॅमेरा आहे तोच चालेल. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, आधारवरून फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. सेवेची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटी लागत नाही. भाव ठरवताना फोटो काढायचा तासच मोजू नका. जाणं-येणं, निवड, दुरुस्ती, प्रिंट आणायला लातूरची एक फेरी, हे सगळं मोजा. निम्मे पैसे आधी घ्या. शेतकरी घर असेल आणि सोयाबीन विकल्यावर देतो म्हणाले, तर फोटो आता काढा, फ्रेम दिवाळीत द्या.

नातेवाइकांचा प्रश्न सगळ्यात अवघड, हे मी कितीतरी बायकांच्या बाबतीत पाहिलं आहे. शिलाई असो, केक असो, मेंदी असो, 'घरचंच तर आहे' म्हणत पहिली दोन वर्षं फुकटात जातात आणि मग घरचेच म्हणतात, यात काही मिळत नाही, बंद कर. त्यांनाही बिल द्या. त्यावर पूर्ण भाव लिहा, खाली सवलत लिहा, प्रिंटचा खर्च मात्र सोडू नका. कुणाला आहेर म्हणून द्यायचा असेल तर खुशाल द्या, पण तो आहेर आहे हे त्यांना कळलं पाहिजे.

यजमानांना उत्तर वादानं देऊ नका. येत्या दोन महिन्यांत गल्लीतल्या दहा आजी-आजोबांचे फोटो काढा, पहिले तीन फुकट, पुढचे सात पैसे घेऊन. सुरुवात सासूबाईंपासून करा, आणि तो फोटो चांगल्या फ्रेममध्ये बैठकीत लावा. वहीत प्रत्येकी किती तास गेले आणि हातात काय उरलं ते लिहा. सातांपैकी पाच जणांनी आनंदानं पैसे दिले तर मला वहीचे आकडे कळवा, पुढचं एक वर्ष कसं आखायचं ते तेव्हा बोलू. आणि ती वासाची पेटी आज संध्याकाळीच माळ्यावरून खाली काढा, दुसरीपासून वेगळ्या, हवेशीर खोलीत ठेवा.