सुतळीच्या गोळ्यामागचा हिशेब

अनेक आशीर्वाद.

तुझा लेख वाचला. भाषा ओघवती आहे, फोटोही छान आलेत. खटकलं ते आधीच सांगून टाकतो: एका लेखात तू अमेरिकेतली इतकी आडगावं कोंबली आहेस की प्रत्येकाच्या वाट्याला एकेक विनोदच आलाय. जगातलं सगळ्यात मोठं अमुक पाहिलं, हसलीस, फोटो काढलास, गाडी पुढे. वाचणाऱ्याच्या हाती काय लागलं?

हसू नकोस असं मी म्हणत नाही. हसण्यासारखं आहेच, आणि गावकरी तुझ्याआधी हसून मोकळे झालेले असतात. कॅन्सस राज्यातल्या लुकस गावात एका कलावतीने 'जगातल्या सर्वांत मोठ्या वस्तूंच्या जगातल्या सर्वांत लहान प्रतिकृतींचा जगातला सर्वांत मोठा संग्रह' मांडलाय. यावर तू आणखी काय कोटी करणार? तेव्हा विनोद त्यांच्याकडेच राहू दे. तू एवढंच विचार: हे इथेच का झालं, कोणी सुरू केलं, आणि आज ते सांभाळतंय कोण?

कॅन्ससमधल्याच कॉकर सिटी गावातला, जगातला सगळ्यात मोठा म्हणवणारा सुतळीचा गोळा तू तीन ओळींत उरकलास. गवताचे गठ्ठे बांधायला घायपाताची सुतळी वापरत. गठ्ठा सोडला की तुकडे उरायचे. फ्रँक स्टोबर नावाच्या शेतकऱ्याने १९५३ साली ते गुंडाळायला घेतले आणि १९६१ साली गोळा गावाच्या हवाली केला. स्टोबर गेला, पण गोळा वाढतोच आहे, कारण दर ऑगस्टमध्ये गाव जमतं आणि त्यात भर घालतं. तिकडे मिनेसोटातल्या डार्विन गावात दुसरा गोळा आहे. तो फ्रान्सिस जॉन्सन या एकट्या माणसाने १९५० पासून गुंडाळला, वजन १७,४०० पौंड, म्हणजे आठ टनांच्या आसपास. जॉन्सन १९८९ साली वारला. तो गोळा आता काचेआड आहे, त्याला कोणी हात लावत नाही. 'दोन गावांत गमतीशीर स्पर्धा' असं लिहून तू मोकळी झालीस, पण इथे खरी वादाची गोष्ट आहे: एका माणसाचा हट्ट मोठा की पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं गावकीचं काम मोठं? दोन्ही गावांत हा प्रश्न विचार आणि लोकांना बोलू दे.

आणि जवळ जाऊन बघ. कॉकर सिटीत छपराखाली ठेवलेला तो गोळा स्वतःच्याच वजनाने दबून फणसासारखा बसका झालाय. देखभाल करणारं कोणी भेटलं तर तुलाही सुतळीचा तुकडा देतील. तो आधीच्या टोकाला गाठ मारून बांधायचा आणि ताणून धरत गोळ्याभोवती फेरी मारायची. हाताला कुसळं लागतात, वाळल्या गवताचा वास येतो. तुझ्या लेखात हा वास नाही.

आता यामागचा हिशेब. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने इथे १६० एकरांची शेतं वाटली गेली. घोडागाडीने धान्य पोचवून शेतकरी दिवसात परत यावा, अशा अंतरांवर रेल्वेने स्टेशनं टाकली आणि स्टेशनांभोवती गावं उभी राहिली. पुढे ट्रॅक्टर आले, शेतं एकमेकांत मिसळून मोठी झाली, माणसं कमी लागू लागली. पोरं शहराकडे गेली, शाळा शेजारच्या गावात विलीन झाली. मागे राहिलं काय? धान्याचं उंच कोठार, पाण्याची टाकी आणि हायवे. हायवेवरून जाणाऱ्याने दहा मिनिटं थांबून कॉफी घ्यावी, पेट्रोल भरावं, यासाठी काहीतरी दाखवायला लागतं. सुतळीचा गोळा हे त्या गावाचं एका अर्थाने उत्पन्नाचं साधन आहे.

जालना-सोलापूरकडचा वाचक तुला हेच विचारणार: तिथे पीक काय, पाऊस किती, कर्ज कुणाचं? त्याला सांग की अमेरिकेत सगळ्यात जास्त ज्वारी कॅन्ससमध्ये पिकते. तिला तिथे मायलो म्हणतात, आणि ती बरीचशी गुरांच्या खाद्याला जाते. सप्टेंबरात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तांबूस कणसं दिसतात. तुझ्या एका फोटोत ती आहेत, आणि खाली तू लिहिलंस 'शेत'. अगं, ज्वारी ओळखली नाहीस!

लुकसमध्ये मात्र मुक्काम कर. तिथल्या 'गार्डन ऑफ ईडन'बद्दल तू लिहिलंस, 'एका विक्षिप्त म्हाताऱ्याने अंगणात सिमेंटचे पुतळे उभारले आणि स्वतःचं प्रेत काचेच्या झाकणाखाली ठेवून घेतलं.' खोटं नाही, पण हे कोणीही लिहील. सॅम्युएल डिन्समूर हा यादवी युद्धात लढलेला सैनिक. १९०७ साली, साठी ओलांडल्यावर, त्याने घर बांधायला घेतलं. लांबून ते लाकडी ओंडक्यांचं वाटतं, जवळ गेलं की कळतं, ओंडके चुनखडीच्या दगडाचे आहेत. त्या भागात झाडंच कमी, म्हणून शेतकरी कुंपणाचे खांबसुद्धा दगडातून कापून काढत. ते खांब आजही मैलोन्‌मैल उभे आहेत. म्हणजे ज्याला तू लहर समजलीस ती त्या मुलखाची रीत होती.

आणि पुतळे वर मान करून नीट बघ. आदम-हव्वेपाशी थांबू नकोस. एका ठिकाणी कष्टकरी माणूस क्रुसावर चढवलेला आहे, आणि त्याला चढवणारे कोण? डॉक्टर, वकील, धर्मोपदेशक आणि सावकार, म्हणजे बँकवाला. रेल्वेचं भाडं आणि बँकांचं व्याज यांनी गांजलेल्या कॅन्ससच्या शेतकऱ्यांनी १८९२ साली पॉप्युलिस्ट पक्षाचा राज्यपाल निवडून आणला होता. डिन्समूर त्याच विचारांचा. पक्ष विरून गेला, याचं भाषण मात्र सिमेंटमध्ये शिल्लक राहिलं. शिवाय तो जिवंतपणी स्वतः लोकांना हे सगळं दाखवायचा आणि त्याचे पैसे घ्यायचा. असल्या माणसाला वेडा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

तिथून साधारण दीड तासावर निकोडेमस आहे. १८७७ साली केंटकीतून आलेल्या, गुलामीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांनी वसवलेलं. पहिला हिवाळा त्यांनी जमिनीत खोदलेल्या खोपटांत काढला. १८८८ साली रेल्वे नदीच्या पलीकडून गेली आणि दुकानं तिकडे हलली. हे गाव 'गमतीदार गावां'च्या यादीत घालू नकोस. त्याचा स्वतंत्र लेख कर, नाहीतर सोडून दे.

आकडे तपासून घे. नेब्रास्कातल्या मोनोवाय गावाची लोकसंख्या २०१० च्या जनगणनेत १ होती: महापौर, कारकून, ग्रंथपाल आणि खानावळीची मालकीण एकच बाई. २०२० च्या जनगणनेत आकडा २ आला. दुसरं कोणी राहायला आलं नव्हतं. खाजगी माहिती उघड होऊ नये म्हणून जनगणना खातं लहान आकड्यांत मुद्दाम थोडा फेरफार करतं. 'गावाची लोकसंख्या दुप्पट झाली' असं लिहिलं असतंस तर टाळ्या मिळाल्या असत्या, पण चुकीच्या.

बाकी व्यवहाराचं. टाकी अर्धी झाली की पेट्रोल भर. वेशीपाशी वेगमर्यादा एकदम खाली येते आणि पोलीस तिथेच उभा असतो. संध्याकाळी हरणं आडवी येतात. कॅफे दुपारी दोनला बंद होतात. खरी माणसं सकाळी सहाला कॉफी प्यायला येतात, तेव्हा तू मोटेलात झोपलेली नसावीस. मोटेलचा मालक बहुधा गुजराती निघेल. त्याच्याशी हिंदीत बोल. गावात कोण कोणाशी बोलत नाही हे त्याला ठाऊक असतं. भाजी शाकाहारी आहे का हे दोनदा विचार, फरसबीतसुद्धा डुकराचं मांस घालतात. समोरच्या ट्रकवाल्याने स्टीअरिंगवरून एक बोट वर केलं तर तो नमस्कार असतो, तूही कर.

ऑगस्टमध्ये जाणार असशील तर सुतळीच्या उत्सवाची तारीख आधी फोन करून विचारून घे. लेख परत पाठव, तीनच गावं ठेव, आणि पहिला परिच्छेद काढून टाक. त्यात फक्त तुझी भाड्याची गाडी आहे.

— काका