वारसाहक्काचे दावे आणि मुदत : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : वडिलांनी स्वकष्टाने घेतलेली जमीन आहे. ते १९९८ मध्ये मृत्युपत्र न करता वारले आणि सातबाऱ्यावर फक्त भावाचे नाव लागले. गेल्या वर्षी हिस्सा मागितल्यावर त्याने वकिलामार्फत ‘दावा लावण्याची मुदत संपली’ असे कळवले. हे खरे आहे का?

उत्तर : आपण लिहिले आहे तेवढ्यावरून तरी नाही. आपल्या कुटुंबाला हिंदू वारसा कायदा, १९५६ लागू आहे असे धरले, तर मुलगी या नात्याने वडिलांच्या निधनाबरोबरच आपण सहहिस्सेदार झालात, आणि एका सहहिस्सेदाराचा कब्जा हा सर्वांच्या वतीने असलेला कब्जा मानला जातो. भाऊ एकटाच जमीन कसत होता एवढ्याने १२ वर्षांची मुदत सुरू होत नाही. त्याने आपला हक्क उघडपणे नाकारला आणि ते आपल्याला समजले, तेव्हापासून ती मोजली जाते. फेरफाराच्या (सातबाऱ्यावरील नावबदलाच्या) नोंदीने मालकी मिळत नाही की जातही नाही.

मात्र पूर्वी कधी त्याने लेखी नकार दिला होता का, किंवा फेरफाराच्या वेळी आपली हरकत फेटाळली गेली होती का, हे नीट आठवून पाहा. तसे असल्यास प्रतिवादी त्या तारखेपासून वर्षे मोजेल, आणि मुदत कायदा, १९६३ च्या कलम २७ नुसार मुदत सरल्यावर मालमत्तेवरील हक्कच संपुष्टात येतो. गेल्या वर्षीची नोटीस पाकिटासह जपून ठेवा.

प्रश्न : वारसनोंदीसाठी लागते असे सांगून माझ्याकडून नोंदणीकृत हक्कसोडपत्रावर सही घेतली. मलाही १२ वर्षे मिळतील का?

उत्तर : तसे गृहीत धरू नका. दस्त रद्द करून मागण्याची मुदत मुदत कायद्याच्या अनुच्छेद ५९ प्रमाणे ३ वर्षांची आहे, आणि तो दस्त उभा असेपर्यंत वाटपाच्या दाव्यात आडवा येतच राहील. फसवणूक झाली असल्यास त्याच कायद्याच्या कलम १७ प्रमाणे ती उघडकीस आल्यापासून, किंवा वाजवी दक्षता घेतली असती तर ज्या वेळी उघडकीस येऊ शकली असती तेव्हापासून, ही मुदत धरली जाते. आपण स्वतः दुय्यम निबंधकांसमोर सही केली असल्याने ‘तुम्हाला त्याच दिवशी सर्व माहीत होते’ असा बचाव घेतला जाणे जवळपास निश्चित आहे. म्हणून खरा प्रकार कधी, कसा आणि कोणत्या कागदावरून कळला, हे दाव्यात स्पष्ट लिहावे लागेल. अशा प्रकरणात थांबणे मला फार धोक्याचे वाटते.

प्रश्न : मी अज्ञान (१८ वर्षांखालील) असताना वडिलांकडून वारसाने आलेला माझा हिस्सा आईने न्यायालयाच्या परवानगीविना विकला. आता मी २० वर्षांचा आहे.

उत्तर : सज्ञान झाल्यापासून ३ वर्षांत, म्हणजे साधारणपणे २१ वर्षे पूर्ण होईपर्यंत, आपण त्या विक्रीला आव्हान देऊ शकता. विक्री कळली केव्हा याने येथे फरक पडत नाही.

प्रश्न : घरातच समझोत्याची बोलणी चालू आहेत. उशीर झाला तर न्यायालय माफ करील ना?

उत्तर : मुदत कायद्याच्या कलम ५ मधील विलंबमाफी अपिलांना आणि अर्जांना आहे, दाव्यांना नाही. प्रतिवादीने मुदतीचा मुद्दा काढला नाही तरी कलम ३ नुसार न्यायालयाला मुदतबाह्य दावा फेटाळावाच लागतो. बोलणी अवश्य चालू ठेवा, पण नुसत्या बोलण्यांनी मुदत थांबत नाही. मुदतीच्या आत दावा दाखल करून नंतर न्यायालयातच तडजोड नोंदवता येते, आणि भावंडांनाही हे आधी विश्वासात घेऊन सांगता येते. शेवटच्या दिवशी न्यायालय बंद असेल, तर ते पुन्हा उघडेल त्या दिवशी दाखल केलेला दावा मुदतीतच धरला जातो.