पिकअपला सीएनजी किट बसवण्यापूर्वी
पिकअपला सीएनजी किट बसवण्याचा आपला विचार चांगला आहे. मात्र पिकअप पेट्रोलवर चालणारी असेल तरच पुढे जावे, कारण डिझेल इंजिनात स्पार्क प्लग (ठिणगीने इंधन पेटवणारा भाग) नसल्याने ते काम वेगळे आणि खर्चिक ठरते. आधी प्लग, एअर फिल्टर तपासून घ्यावेत. कमकुवत स्पार्कचा दोष गॅसवर अधिक जाणवतो.

नवखे सर्वाधिक फसतात ते स्वस्तात मिळालेल्या जुन्या गॅस टाकीमुळे. तिच्यात सुमारे २०० बार (हवेच्या सामान्य दाबाच्या जवळपास २०० पट) दाबाने गॅस भरला जातो, म्हणून काम मान्यताप्राप्त केंद्रातच करून घ्यावे, आरटीओकडून आरसीत नोंद करून घ्यावी, विमा कंपनीला कळवावे आणि दर ३ वर्षांनी होणारी टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने मजबुतीची तपासणी) मुळीच चुकवू नये. टाकीचे वजन मालाच्या क्षमतेतून वजा होते, हे वाशीच्या मार्केटमधून गोणी भरताना ध्यानात असावे. इंजिनाच्या ट्यूनिंगच्या (गॅस व हवेचे प्रमाण जुळवण्याच्या) बारकाव्यांत सध्या शिरू नये.