पंधरा वर्षांची गाडी : आधी पत्रा बघा

प्रश्न : आमची पेट्रोल व्हॅगन आर २०११ ची, १ लाख ४२ हजार किलोमीटर झाली. मिस्त्री क्लच, शॉकअप, लोअर आर्म (चाक धरून ठेवणारा खालचा दांडा) आणि रेडिएटर मिळून ४० हजार सांगतात. त्यात आता पंधरा वर्षांचं पासिंग, म्हणजे आरटीओत नोंदणीचं नूतनीकरण आलं. घरचे म्हणतात, नवीनच घेऊ. गावाचा अर्धा रस्ता पांदणीचा आहे. काय करावं?
– एक शेतकरी, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : हे चारही भाग झिजणारेच. पांदणीनं नवीन गाडीचेही रबरी बुश आणि शॉकअप जातीलच. म्हणून ४० हजारांचा आकडा बाजूला ठेवा आणि पत्रा तपासा.

आपली काळी माती मडगार्डच्या आत थापून बसते, महिनोन् महिने ओल धरते आणि तिथूनच गंज लागतो. गाडी खालून धुऊन वर चढवा. दाराखालचा पत्रा आणि जॅक लावायची जागा स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं ठोका. खणखणीत आवाज आला तर पत्रा शाबूत. भद्द वाजलं, पापुद्रे सुटले, दाबल्यावर स्क्रू ड्रायव्हरचं टोक आत घुसलं, तर ठिगळ लावत बसू नका. बॉनेट उघडून शॉकअपचं वरचं टोक बसतं ती जागाही बघा. ती कुजली असेल तर गाडी मोडीत काढाच. त्या गाडीत लेकरंबाळं बसवायची नाहीत.

पत्रा चांगला निघाला तर इंजिन. गरम इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण जपून उघडा. भकभक धूर आला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या. गेजच्या काडीवरचं ऑइल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी उतरतंय, बहुधा हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं सील) गेलं. यातलं काही नसेल तर खुशाल खर्च करा, आधी रेडिएटर आणि लोअर आर्म. नव्या रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी मात्र ओतू नका, क्षारानं नळ्या चोंदतात आणि मे महिन्यात गाडी तापते. कूलंटच भरा.

नवीनसाठी ५ लाखांचं कर्ज साडेनऊ टक्क्यांनी ५ वर्षांना घेतलं तर हप्ता साधारण साडेदहा हजार. म्हणजे तुमची सगळी दुरुस्ती चार हप्त्यांत बसते. कापसाचे चुकारे दिवाळीनंतर येतात; हप्ता मात्र बी-खताच्या जूनमध्येही भरावा लागतो.

पासिंगचा अर्ज मुदत संपायच्या ६० दिवस आधीपासून करता येतो. नोंदणी नूतनीकरणाची फी ५,००० रुपये, पर्यावरण कर वेगळा, नोंदणी पुढं ५ वर्षं. उशीर केला तर महिन्याला ५०० रुपये जादा. विमा आणि पीयूसी चालू ठेवा, जुनी चलनं आधी भरून टाका.