एका रविवारची मिसळ ६५ हजारांची

पुण्याजवळच्या वाकडहून एका वाचकाचं लांबलचक पत्र आलंय, ते आधी थोडक्यात सांगतो. वय ३९, आयटीत वरच्या पदावर. हातात येणारा पगार महिना ३ लाख ४० हजार, पत्नी शिक्षिका, त्यांचे ६० हजार. मुलगी बारा वर्षांची. घराचं कर्ज ४८ लाख बाकी, हप्ता ६२ हजार. घरखर्च १ लाख ६० हजार, एसआयपी ८० हजार, नारायणगावला आईवडिलांना २० हजार. दर एप्रिलला कर जाऊन ८ लाखांचा बोनस. म्युच्युअल फंडात ५८ लाख, त्यातले २६ लाख मुलीच्या शिक्षणासाठी वेगळे ठेवलेले. अडीअडचणीसाठी बँकेत ३ लाख. टर्म विमा १ कोटीचा.

आता मुद्दा. बंगळुरूच्या एका जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याकडे २०१८ ची फोर्ड मस्टँग जीटी आहे, लाल रंगाची, २१ हजार किलोमीटर चाललेली, कर्नाटक पासिंग. किंमत ५२ लाख. मुलीच्या फंडातून २० लाख काढायचे आणि ३२ लाखांचं कर्ज साडेअकरा टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घ्यायचं, असा बेत. विक्रेत्याला १ लाख टोकन दिलंय आणि शनिवारपर्यंत पक्कं कळवायचंय. पत्रातलं एक वाक्य जसंच्या तसं देतो: "आमचा ग्रुप महिन्यातून दोन रविवारी सकाळी चांदणी चौकात जमतो, तिथून ताम्हिणी, येताना मिसळ. पाच वर्षं मी दुसऱ्यांच्या गाड्यांचे फोटो काढतोय. एकदा माझी गाडी मध्ये उभी राहावी आणि बाकीच्यांनी बॉनेट उघडायला सांगावं, एवढंच."

हे प्रामाणिकपणे लिहिल्याबद्दल तुमचे आभार. बहुतेक लोक मला "सेफ्टी" आणि "रिसेल व्हॅल्यू" सांगतात.

मिरवण्याला मी नावं ठेवणार नाही. आपल्याकडे मिरवणं हा खर्चाचा मान्य प्रकार आहे. एका संध्याकाळच्या लग्नाला लोक वर्षाची कमाई घालतात. तुम्ही तर नारायणगावचे. तुमच्या पट्ट्यात, जुन्नर-आंबेगाव-खेडमध्ये, बैलगाडा शर्यतीच्या बैलाला लाखांनी पैसे मोजतात, त्याला दूध-अंडी चारतात आणि घाटावर, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, त्याच्या नावाचा पुकारा झाला की मालकाची छाती फुगते. मधली काही वर्षं न्यायालयाच्या बंदीमुळे घाट ओस पडले होते, तरी कित्येकांनी दावणीचे बैल विकले नाहीत. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींचा राज्याचा कायदा उचलून धरला, तेव्हा त्यांनी भंडारा उधळला. तुमची लाल मस्टँग त्याच जातीची हौस आहे, फक्त तिला अंडी चालत नाहीत. तेव्हा हौस करायची की नाही हा प्रश्न माझ्यापुरता निकालात निघालाय. पैसे कुणाच्या ताटातून काढायचे, एवढाच वाद आहे.

गाडीचा खर्च म्हणून तुम्ही दोनच आकडे धरलेत, ५२ लाख आणि हप्ता. माझ्या हिशेबाने हप्ता साधारण ७०,४०० येतो आणि पाच वर्षांत व्याजच सव्वादहा लाखांच्या आसपास जातं. महिन्याकाठी तुमच्याकडे ७८ हजार उरतात, त्यात हप्ता बसतो म्हणून तुम्ही खूश आहात. पण गाडी नुसत्या हप्त्यावर चालत नाही.

पाच लिटरचं व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं, इंजिन पुण्यात लिटरला पाच किलोमीटर देईल असं धरा. महिन्याला ४०० किलोमीटर म्हणजे ८० लिटर, सव्वाआठ-साडेआठ हजार रुपये, आणि हे साध्या पेट्रोलचे. त्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं, म्हणून तुमचा ग्रुप १०० ऑक्टेनचं वेगळं पेट्रोलच भरायला लावेल. त्याचा लिटरचा भाव दीडशेच्या पुढे आहे. पाच वर्षांत टायरचा एक जोड तरी लागेल, त्याचे दीड लाख. सर्व्हिसिंग आणि सुटे भाग मिळून वर्षाला लाख. फोर्डने २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं. सर्व्हिस मिळते, पण मस्टँग इथे कधी बनलीच नाही, तयार गाडीच आयात होत होती. हेडलाइट फुटला तर तो सहजासहजी कुणाच्या शेल्फवर सापडायचा नाही.

विम्याचं जरा सविस्तर सांगतो, कारण इथे बरेच जण फसतात. विक्रेत्याने सांगितलेला ६८ हजारांचा हप्ता आधीच्या मालकाचा ५० टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याची सवलत, धरून आहे. तो बोनस माणसाचा असतो, गाडीबरोबर येत नाही. तुम्हाला सव्वा लाखाच्या आसपास पडेल. गाडी पाच वर्षांपेक्षा जुनी आहे, त्यामुळे झिरो डेप्रिसिएशन, म्हणजे घसारा न कापणारं कवच, मिळणं कठीण. ते नसेल तर क्लेममध्ये प्लॅस्टिक-रबरच्या भागांची निम्मी रक्कम कापली जाते आणि पाच ते दहा वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागांवर ४० टक्के. ताम्हिणीच्या एखाद्या खड्ड्यात पुढचा बंपर गेला, तर निम्मे पैसे खिशातून.

आणि तुम्ही सहज लिहून गेलात की ग्रुप वर्षातून एकदा धावपट्टीवर ड्रॅग रेसला जातो. पॉलिसीची "वापराची मर्यादा" वाचा. आयोजित शर्यत, वेगचाचणी, पेसमेकिंग हे त्यातून स्पष्टपणे वगळलेलं असतं. तिथे गाडी ठोकली गेली तर कंपनी एक रुपया देणार नाही आणि बँक एकही हप्ता सोडणार नाही. एक्झॉस्ट बदलला, ईसीयू (इंजिनाचा संगणक) रीमॅप केला आणि कळवलं नाही, तर साध्या अपघातातही वाद होतो. शिवाय गाडीत मनासारखे बदल करायला मनाई करणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच.

आता कर्नाटक पासिंगबद्दल. पुण्यातल्या गाडीपेक्षा ही चार लाखांनी स्वस्त म्हणून तुम्हाला आवडली. पण ती महाराष्ट्रात बारा महिन्यांपेक्षा जास्त राहणार, म्हणजे तिकडच्या आरटीओची एनओसी, इथे नव्याने नोंदणी आणि इथला कर. आयात गाडीला महाराष्ट्रात कराचा दर २० टक्के आहे, साध्या पेट्रोल गाडीपेक्षा कितीतरी जास्त. जुन्या गाडीला वयानुसार तो कमी होतो. नेमका आकडा आरटीओतून लेखी काढा, एजंटच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका. मी हिशेबात ७ लाख धरतोय. कर्नाटकातल्या उरलेल्या वर्षांच्या कराचा परतावा मागता येतो, पण त्यामागे चपला झिजवाव्या लागतात. तो हातात पडेपर्यंत जमेस धरू नका. चार लाखांची स्वस्ताई इथेच संपली.

सगळं एकत्र मांडतो. गाडी ५२, कर ७, व्याज १०.२. पाच वर्षांचा विमा ६.२५, पेट्रोल ५, टायर १.५, देखभाल ५. एकूण सुमारे ८७ लाख. पाच वर्षांनी गाडी ३५ लाखांना गेली असं उदार मनाने धरू. निव्वळ खर्च ५२ लाख. तुम्हीच लिहिलंय की जून ते सप्टेंबर गाडी कव्हरखाली राहील. म्हणजे वर्षाचे १६ रविवार, पाच वर्षांचे ८०. ५२ लाख भागिले ८०, एका रविवारचे ६५ हजार. मिसळीचे पैसे वेगळे.

महिन्याचं पाहा. हप्ता ७० हजार आणि चालवण्याचा खर्च ३० हजार, मिळून १ लाख. उरतात ७८. म्हणजे पहिल्याच महिन्यापासून एसआयपीला कात्री. मुलीच्या फंडातून २० लाख निघालेले असणार, वर तो भरून काढायचं बंद. ती अठराची होईल तेव्हा, सहा वर्षांनी, हेच २० लाख १० टक्क्यांनी वाढले असते तर ३५ लाखांवर गेले असते. शिवाय युनिट विकताना सव्वा लाखावरच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर. तुमचा नफा ९ लाख असेल तर साधारण १ लाख तिथेच गेले.

त्या पाच वर्षांच्या कर्जाबद्दलही शंका आहे. कर्ज फिटेल तेव्हा गाडीचं वय ठरावीक मर्यादेत असावं, अशी बँकांची अट असते. २०१८ च्या गाडीला पूर्ण पाच वर्षं मिळत असतील, तर कागद नीट बघा. कारलोनच्या नावाखाली पर्सनल लोन तर नाही ना?

पत्नीचा उल्लेख पत्रात एकदाच आलाय: "तिला सरप्राइज देणार आहे." साहेब, घराच्या कर्जावर त्यांची सही आहे. सरप्राइज पैठणीचं असतं, ३२ लाखांच्या कर्जाचं नसतं. माझ्या एका ग्राहकाने असंच परस्पर एक जर्मन कूपे आणलं होतं. पहिल्या रविवारी चाळीस जणांनी फोटो काढले. तिसऱ्या भेटीला सगळे दुसऱ्याच कुणाच्या नव्या गाडीभोवती होते. चौदा महिन्यांनी त्याने ती विकली, त्यात १९ लाख गेले. त्याचं त्याला फार वाटलं नाही. घरात वर्षभर जो अबोला होता, तो मात्र जिव्हारी लागला. तेव्हा आज रात्री जेवताना सांगून टाका. काय सांगावं, त्यांना लाल रंग आवडतही असेल.

माझा सल्ला असा: ही गाडी सोडा, मस्टँग सोडू नका.

लोक अशा वेळी मधला मार्ग सुचवतात, पंधरा-अठरा लाखांची एखादी जुनी, पळणारी सेडान घ्या म्हणून. तुम्हाला ते मी सुचवणार नाही. तुमच्या पत्रात "आवाज" हा शब्द सहा वेळा आलाय. चार सिलिंडरवर तुमचं समाधान होणार नाही आणि दोन वर्षांत ती तोट्यात विकून तुम्ही मस्टँगकडेच याल. दोनदा पैसे घालवण्यापेक्षा थांबलेलं बरं.

किती थांबायचं? तीन वर्षं. जो हप्ता तुम्ही बँकेला देणार होता ते ७० हजार पुढच्या महिन्यापासून स्वतःलाच द्या, वेगळ्या खात्यात, लिक्विड किंवा कमी मुदतीच्या डेट फंडात. इक्विटीत नको, तीन वर्षांचा पैसा आहे. तीन वर्षांत २५ लाख २० हजार होतात, तीन बोनसचे २४ लाख. त्यातले पहिले १० लाख आपत्कालीन निधीत जातील, कारण तुमचा घरखर्च, हप्ता आणि गावाकडचे पैसे धरून सहा महिन्यांची सोय १४-१५ लाखांची हवी आणि तुम्ही आयटीत असून ३ लाखांवर बसलाय, हे मला गाडीपेक्षा जास्त खटकलं. राहिले ३९, व्याज धरून ४२च्या आसपास. तेवढ्यात त्या वयाची, महाराष्ट्र पासिंगची गाडी रोखीने यायला हरकत नाही. हप्ता नसेल, मग चालवण्याचे ३० हजार तुमच्या ७८ मध्ये आरामात बसतात आणि मुलीच्या २६ लाखांना हात लागत नाही. तेव्हाही हिशेब केला तर रविवार ४१ हजारांना पडेल. स्वस्त नाहीच. पण ते ४१ हजार तुमचे असतील.

टर्म विमा मात्र या महिन्यातच वाढवा. ४८ लाखांचं घरकर्ज असताना १ कोटी पुरत नाहीत, निदान अडीच करा. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटीही गेलाय.

सहा महिने ७० हजार बाजूला टाकताना जीव कासावीस झाला, तर हप्ता झेपला नसता हे आपोआप कळेल. आणि तोवर एखाद्या रविवारी ग्रुपमधल्या मस्टँगवाल्याला त्याच्या मागच्या वर्षीच्या बिलांची फाइल दाखवायला सांगा. बॉनेट तर सगळेच उघडून दाखवतात.

राहता राहिलं टोकन. विक्रेत्याला आजच ईमेल करा, फोनवर बोलू नका: महाराष्ट्रातल्या कराचा आकडा लेखी मिळालेला नाही, व्यवहार रद्द, १ लाख परत करावेत. पावतीवर "नॉन-रिफंडेबल" लिहिलंय का ते पाहा. नसेल तर आग्रह धरा. असेल आणि त्याने हात वर केले, तर हळहळ वाटेल, पण वरच्या हिशेबाने ते दीड रविवारचे पैसे आहेत.