पहिल्या तासाला खंजिरी ने

बेटा,

बी.कॉम.च्या पोरांना कॉपीराइट शिकवायचा म्हणून तू कायद्याचं पुस्तक मागितलंस. पाठवतो. पण पहिल्या तासाला ते उघडू नकोस, खंजिरी घेऊन जा.

तुकडोजी महाराजांचं एखादं भजन म्हणायला लाव; आपल्याकडे चारदोन पोरांना ते पाठ असतंच. मग विचार, यात कोणाचं काय? शब्द एकाचे, चाल कदाचित दुसऱ्याची, गळा तिसऱ्याचा आणि पैसा घालून रेकॉर्डिंग करणारा चौथा. १९५७ च्या कायद्यात या चौघांचेही हक्क वेगवेगळे आहेत. महाराज १९६८ साली गेले. कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, म्हणजे त्यांच्या हयातीत छापलेल्या शब्दांवरचा हक्क २०२८ अखेरपर्यंत. हा हिशेब पोरांनाच करू दे. मग तुकोबांचा अभंग घे. शब्द सगळ्यांचे, पण परवा कोणी केलेलं त्या अभंगाचं रेकॉर्डिंग मात्र करणाऱ्याचंच. इथे वर्ग अडतो. अडू दे, घाई करू नकोस.

मी उलटं केलं होतं. फळ्यावर कलमं, दंड, शिक्षा. त्याच वर्षी मंडईच्या, म्हणजे आपल्या दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या, रात्री माझ्या एका विद्यार्थ्याचं गाणं आपल्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकात त्याच्या नावाशिवाय वाजलं, आणि तो माझ्याकडे आलाच नाही. कायदा आपल्याही बाजूनं असतो, गाणं लिहून काढलं की नोंदणी न करताही हक्क मिळतो, कवीला आपलं नाव मागता येतं, हे मी त्याला शिकवलंच नव्हतं. ते मला अजून लागतं.

पोरं वरातीतल्या डीजेबद्दल विचारतील. लग्नाच्या वरातीला कायद्यातच सूट आहे. गॅदरिंगलाही आहे, समोर विद्यार्थी, शिक्षक, पालक एवढेच असतील तर. त्याचाच व्हिडिओ यूट्यूबवर टाकला की ही सूट पुरत नाही.

पोळ्याच्या झडत्या, बैलांपुढे म्हणतात ती लोकगीतं, मात्र शेवटी ठेव. जुन्या झडतीचा कर्ता कोणालाच ठाऊक नसतो. म्हणून दोघादोघांना नवी रचायला सांग, एकानं शब्द, दुसऱ्यानं चाल. मग समज, एखादा नाटकवाला ती मागतोय. हक्क द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी; मुदत लिहिली नाही तर ५ वर्षंच धरतात. तो कागद त्यांच्याच हातानं लिहून घे, आणि त्यातले दोनचार मला पाठव.